मर्सोची बाटली एवढी महाग का, आणि घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: बायकोबरोबर ऑक्टोबरात फ्रान्सला जातोय, बोनमध्ये दोन रात्री मुक्काम आहे, तिथल्या एका रेस्टॉरंटचं वाइन कार्ड बघितलं तर मर्सो नावाच्या गावाच्या तीन व्हाइट वाइन दिसल्या, एक ९० युरोची, एक १४०ची आणि एक चक्क १८००ची. साल एकच, द्राक्ष एकच, गाव एकच. मग फरक कसला, मर्सो 'बटरी' असते म्हणतात ते कितपत खरं, आणि येताना बाटली आणावी का.

आधी सरळ उत्तर देतो आणि मग पाल्हाळ लावतो. ९०वाली आणि १८००वाली यांच्यात चवीचा फरक नक्की असेल, पण वीसपट नसेल, उरलेले पैसे नावाचे आणि मागणीचे. मर्सोत गावाचं नाव वाचून पैसे टाकू नका, घराचं, म्हणजे वाइन करणाऱ्या कुटुंबाचं, नाव वाचून टाका. हे एवढं लक्षात राहिलं तरी तुमचे दोन दिवस वसूल.

माझं म्हणाल तर मी आधी नाशिकला वाइनरीत सेलरमध्ये काम केलं, आता काही वर्षं एका इम्पोर्टरकडे खरेदी बघतो, आणि मधे दोन सीझन मर्सोमध्येच एका घरगुती सेलरमध्ये तोडणीला आणि प्रेसवर, म्हणजे द्राक्षं पिळायच्या यंत्रावर, होतो. म्हणून हे पुस्तकी कमी आणि हात चिकट झालेल्या माणसाचं जास्त आहे.

गाव कुठंय ते आधी बघा. बोनमधून दक्षिणेला निघालं की आधी पोमार, मग वोलने, ही दोन्ही रेड वाइनची गावं, आणि वोलने संपता संपता माती बदलते आणि मर्सो सुरू होतं, तिथून पुढे पुलिन्यी-मोंराशे, शासान्य-मोंराशे. म्हणजे बुर्गोन्यच्या (आपण इंग्रजीतून बर्गंडी म्हणतो ते) व्हाइट वाइनचा खरा मुलूख हा एवढाच, सायकलवर एका दिवसात बघून होईल इतका. गावाची वस्ती दीड हजाराच्या आसपास, आपल्याकडे एखादी मोठी वाडी असते तेवढी. मधोमध चर्चचा उंच दगडी सुळका, शेजारी नगरपालिकेची इमारत, तिच्या छपरावर रंगीत चकचकीत कौलं, एक चौक, आणि रविवारी दुपारी कुत्रंसुद्धा दिसणार नाही. पहिल्यांदा आलेला माणूस विचारतो, हेच का ते? हो, हेच. सगळं आहे ते जमिनीखाली, तळघरांत.

बाकी सगळं आहे उतारात. पश्चिमेला टेकड्या, त्यांचा उतार पूर्वेकडे, सकाळचं ऊन पहिलं याच वेलींवर. उताराच्या माथ्यावर माती पातळ आणि दगड जास्त, तिथली वाइन काटक, जरा आखडूनच बोलणारी. खाली रस्त्याकडे चिकणमाती जाड, पाणी धरून ठेवणारी, तिथली वाइन ढोबळ. मधला पट्टा सगळ्यात सरस, निचरा होतो पण वेल अगदी उपाशीही राहत नाही. चुनखडी आणि मार्ल म्हणजे चुनखडीमिश्रित माती यांचं प्रमाण दर पन्नास पावलांवर बदलतं, म्हणून तिथं प्रत्येक तुकड्याला स्वतःचं नाव आहे. त्या तुकड्याला ते 'क्लिमा' म्हणतात, हवामानाशी संबंध नाही, नाव असलेलं शेत एवढाच अर्थ, आपल्याकडे नाही का 'वडाचं शेत', 'माळावरचा तुकडा' असं म्हणतात, तसंच. २०१५ साली युनेस्कोने हे क्लिमा जागतिक वारशात घेतले. पेरिएर म्हणजे दगडाच्या खाणी, तिथं खरंच दगड काढायचे. जेनव्रिएर म्हणजे जुनिपरची झुडपं. गुत दोर म्हणजे सोन्याचा थेंब, ते नाव मात्र कोणीतरी विकायच्याच हेतूने ठेवलं असावं असं मला नेहमी वाटतं.

आता लेबल वाचायचं कसं, कारण तुमच्या ९०, १४०, १८००चं अर्धं उत्तर तिथंच आहे. नुसतं 'मर्सो' लिहिलं असेल तर ती गावाची वाइन, गावाच्या हद्दीतल्या कुठल्याही मान्य तुकड्यातली, बऱ्याचदा चारपाच तुकड्यांची मिसळ. 'मर्सो' आणि खाली छोटं नाव, नार्व्हो, तिये, तेसों असलं काहीतरी, म्हणजे एकाच नावाच्या शेतातली, पण दर्जा कागदोपत्री गावाचाच. 'प्रमिए क्रू' लिहिलं असेल तर वरचा वर्ग, त्यात तीन मोठी नावं, पेरिएर, जेनव्रिएर आणि शार्म, तिन्ही गावाच्या दक्षिण अंगाला, पुलिन्यीकडे. पेरिएर सुमारे १४ हेक्टर, जेनव्रिएर साडेसोळाच्या आसपास, शार्म ३१ हेक्टर. शार्म एवढं मोठं आणि वरपासून खालपर्यंत पसरलेलं आहे की नुसतं 'शार्म' वाचून काहीच कळत नाही, वरच्या भागातलं उत्तम, खालच्या भागातलं बरंचसं नावावर खपतं. आणि ग्राँ क्रू म्हणजे सगळ्यात वरचा वर्ग? तो मर्सोत नाहीच. शेजारी पुलिन्यी आणि शासान्यला मोंराशे हे ग्राँ क्रू शेत आहे, मर्सोला असं एकही नाही, आणि तरी पेरिएरची चांगली बाटली बऱ्याच ग्राँ क्रूंना घाम फोडते. मला विचाराल तर याचा आपल्यालाच फायदा आहे, ग्राँ क्रूचा शिक्का बसला असता तर आत्ताचे भावसुद्धा स्वस्त वाटले असते.

एक गंमत मात्र माहीत असू द्या. गावाच्या उत्तर टोकाला सांतनो नावाचं शेत आहे, वोलनेला लागून. तिथं शार्दोने हे पांढरं द्राक्ष लावलं तर वाइन 'मर्सो' म्हणून विकायची, पिनो न्वार हे काळं द्राक्ष लावलं तर तीच जमीन 'वोलने' होते. शेत मर्सोत, नाव वोलनेचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपला सातबारा साधा वाटायला लागला.

सातबाऱ्यावरून आठवलं, घराचं नाव का महत्त्वाचं ते. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर आणि नेपोलियनच्या कायद्याने वारसांत समान वाटण्या होतात, त्यामुळे दोनशे वर्षांत शेतांच्या अशा चिंध्या झाल्यात की एकाच पेरिएरचे अनेक मालक, कोणाच्या चार ओळी, कोणाच्या सात. तिथले म्हातारे अजून जमीन 'उव्रे'त मोजतात, एक माणूस एका दिवसात खणून काढेल एवढी जागा, ४.२८ आर, म्हणजे आपले सव्वाचार गुंठे. मी ज्या घरात कामाला होतो त्यांच्याकडे एका प्रमिए क्रूत सहा उव्रे होते, त्यावर त्यांचा असा रुबाब की जहागीर आहे. अर्धेलीची पद्धतही आपल्यासारखीच, मालक एक, कसणारा दुसरा, वाइन किंवा द्राक्षं वाटून घ्यायची. कोंत लाफों हे गावातलं अगदी मोठं घर, त्यांच्या जमिनीही कितीतरी वर्षं अर्धेलीने दिलेल्या होत्या, दोमिनिक लाफों यांनी कारभार हातात घेतल्यावर करार संपतील तशा एकेक परत घेतल्या, १९९०च्या दशकात ते काम पुरं झालं. मग एकाच शेतात शेजारीशेजारी दोन ओळी, एकाने छाटणी कडक केली, माती नांगरली, द्राक्षं हाताने निवडली, दुसऱ्याने पीक भरपूर घेतलं आणि तणनाशक मारलं, दोघांच्या लेबलवर तेच नाव. म्हणून सांगतो, शेताचं नाव ही शक्यता आहे, घराचं नाव ही खात्री.

घरं म्हणाल तर लाफों झालं. रूलो, जाँ-मार्क रूलो चालवतात, हा माणूस वाइनही करतो आणि फ्रान्समध्ये नटही आहे, या घराने नुसत्या गावाच्या दर्जाच्या शेतांची वाइन वेगवेगळी बाटलीत भरायची पद्धत फार आधीपासून चालवली. आणि कोश-द्युरी. तुमची १८००वाली बहुतेक याच घरची किंवा याच तोलामोलाच्या दुसऱ्या एखाद्या घरची असणार. आता त्यातलं गणित असं की ही घरं आपल्या जुन्या ठरलेल्या गिऱ्हाइकांना शहाण्या भावातच देतात, वर्षाला मोजून एवढ्या बाटल्या, पण ती बाटली तिथून बाहेर पडली की हातोहात फिरत भाव चढत जातो, लिलावात जाते, आणि तुमच्या टेबलापर्यंत येईतो तिची वाइन कमी आणि सोनं जास्त झालेलं असतं. शिवाय माल मुळातच थोडा. त्यांचं बॅरल म्हणजे 'पिएस' २२८ लिटरचं, त्यात साधारण ३०० बाटल्या. सहा उव्रे जमिनीतून चांगल्या वर्षी पाच-सहा बॅरल निघाले तर निघाले. आणि वर्ष चांगलं नसलं तर? २०२१च्या एप्रिलमध्ये दव गोठलं, शार्दोने लवकर फुटतं त्यामुळे कोवळे कोंब जळून गेले, बऱ्याच जणांचं व्हाइटचं पीक निम्म्याहून जास्त गेलं. रात्रभर वेलींमध्ये मोठ्या मेणबत्त्या लावून बसले होते लोक. निफाडकडे पारा उतरला की आपले बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात ना, अगदी तीच धडपड, फक्त तिथं कोंब वाचवायला आणि इथं घड.

मजा बघा, हे गाव कायम असं श्रीमंत नव्हतं. टॉमस जेफरसन, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले ते, १७८७ साली इकडून फिरले तेव्हा त्यांनी नोंदवून ठेवलं की पोमार आणि वोलनेत मजूर गव्हाची चांगली पाव खातात आणि मर्सोत राय या धान्याची, कारण विचारलं तर कळलं की व्हाइट वाइन रेडपेक्षा जास्त वेळा फसते आणि पडून राहते, मालकाला परवडत नाही. आणि तीच व्यक्ती मर्सोचं गुत दोर पुढे आवडीने मागवून प्यायची. आज वोलनेपेक्षा मर्सो विकायला सोपी, काळ असा उलटा फिरतो.

आता बटरचं. हो, मर्सोची ख्याती लोण्याची आहे, भाजलेला हेझलनट, लोणी, मध, थोडी ब्रेडच्या कडेसारखी खरपूस. हे येतं कुठून? द्राक्षात एक मॅलिक आम्ल असतं, हिरव्या सफरचंदात असतं तेच, जिभेला टोचणारं. पहिलं फर्मेंटेशन, म्हणजे रस आंबून वाइन होणं, झालं की बॅक्टेरिया त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, दह्याताकातलं, गोलसर. हे होताना डायअसेटिल नावाचा पदार्थ बनतो, विरजणाच्या लोण्याला जो वास असतो तो याचाच. म्हणजे वाइन 'बटरी' म्हणणं ही नुसती उपमा नाही, घुसळलेल्या लोण्यात आणि ग्लासात खरोखर तोच रेणू आहे. त्यात भर म्हणून वाइन बॅरलमध्ये आपल्याच गाळावर, म्हणजे मेलेल्या यीस्टवर, वर्षभर पडून असते, काही जण तो गाळ काठीने ढवळतात, त्याने अंगाने जाडसर होते. मर्सोची तळघरं खोल आणि थंड आहेत, पुलिन्यीत जमिनीखालचं पाणी वर असल्याने खोल खणताच येत नाही, म्हणून मर्सोवाले वाइन दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत बॅरलमध्ये ठेवू शकतात, आणि या सवयीनेसुद्धा त्यांची वाइन जरा भरदार होत आलीय.

पण आजची चांगली मर्सो नुसती लोणी राहिलेली नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात अमेरिकेत बटर आणि ओकच्या लाकडाच्या चवीची फॅशन आली, मग सगळीकडे शार्दोने म्हणजे लोणी-व्हॅनिला असं समीकरण झालं, आणि मर्सोतही काहींनी नवीन बॅरल आणि ढवळणं फार केलं. आता वारं उलट आहे. चांगल्या घरची मर्सो आधी लिंबाच्या सालीसारखी, मग ओल्या दगडासारखी, आणि नाकाशी पहिल्याच क्षणी काड्यापेटीची काडी ओढल्यावर येतो तो वास. तो दोष समजून बाटली परत पाठवू नका, गंधकाच्या संयुगांचा वास आहे, गाळावर हवा न लागू देता ठेवल्याने येतो, हवा लागली की निवतो आणि मागून काजू-हेझलनट वर येतो. लोणी शेवटी, गिळून झाल्यावर.

इथं एक प्रसंग सांगतो. मर्सोतला माझा प्रेसवरचा पहिला दिवस. नाशिकला आम्हाला शिकवलेलं की व्हाइटच्या रसाला हवा लागू द्यायची नाही, सल्फर टाका, ड्राय आइस टाका, रस पोपटी राहिला पाहिजे. इथं द्राक्षं आधी थोडी चेचून घेतली, मग प्रेसमध्ये, आणि खालच्या ट्रेमध्ये रस पडायला लागला तो बघता बघता तपकिरी झाला, सरळ टपरीवरच्या कोऱ्या चहासारखा. मी घाबरून सल्फर कुठंय विचारायला धावलो. मालकाचे वडील, सत्तरीचे असतील, प्रेसला टेकून उभे होते, हसले आणि हातानेच खूण केली की थांब. दोन आठवड्यांनी त्यांनी मला तळघरात नेलं, बॅरलचं बूच काढलं, काचेच्या लांब नळीने थोडी वाइन ओढून ग्लासात टाकली. फर्मेंटेशन चालू होतं, कान लावला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखी सळसळ ऐकू येत होती, वाइन गढूळ होती, पण रंग फिक्का, हिरवट पिवळा. तपकिरीपणा खाली गाळात बसला होता. जे बिघडायचं ते रसातच बिघडून जाऊ दे, वाइनमध्ये नको, असं त्यांचं म्हणणं.

हे एवढ्या रंगवून सांगण्याचं कारण, मर्सोचं आणि सगळ्या बुर्गोन्य व्हाइटचं एक मोठं दुखणं याच गोष्टीशी जोडलेलं आहे. १९९५-९६च्या वाइनपासून असं दिसायला लागलं की ज्या बाटल्या पंधरा-वीस वर्षं टिकायला हव्यात त्या सहा-सात वर्षांतच म्हाताऱ्या, रंग गडद, वास कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा. तेही एकाच खोक्यातली एक बाटली गेलेली, शेजारची टवटवीत. कारण एकच सापडलं नाही, कॉर्क, कमी सल्फर, फार ढवळणं, सगळ्यांवर आळ आला, आणि त्यात बऱ्याच वाइन करणाऱ्यांचं एक मत असं की नवीन मऊ प्रेस आल्या, रस फार जपून स्वच्छ काढायला लागले, त्यामुळे जे आधीच जळून गाळात जायचं ते वाइनमध्ये राहिलं आणि बाटलीत जळलं. मला हे पटतं, त्या म्हाताऱ्यांमुळे असेल कदाचित. आता बरेच जण भुश्यासारख्या कणांपासून बनवलेलं डियाम कॉर्क वापरतात, काही जण तोंडावर मेण लावतात, आणि नव्या वाइनमध्ये हा त्रास बराच कमी झालाय.

मी स्वतः याचा मार खाल्लाय. मुंबईत एका हॉटेलात मी वाइन सुचवायला जायचो, तिथं एका पाहुण्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी छाती ठोकून दहा वर्षं जुनी प्रमिए क्रू सुचवली. उघडली, ओतली, तर ग्लासात रंग उसाच्या रसाच्या काकवीसारखा. मी वास घेतला आणि गप्प झालो. दुसरी बाटली नव्हतीच, हॉटेलने बिलातून रक्कम काढली ती पुढे माझ्याच हिशोबात आली. तेव्हापासून जुनी व्हाइट बुर्गोन्य मी कोणालाच रेस्टॉरंटमध्ये सुचवत नाही. तुम्हीही घेऊ नका. चार ते आठ वर्षांची घ्या. २०१४ आणि २०१७ चांगली वर्षं, पण २०१४ घेताना आता जरा विचार करा, २०२० फार छान, २०२२ लवकर प्यायला मस्त.

मग कार्डवरची कुठली? तुमच्या जागी मी असतो तर ९०वाली चांगल्या घरची आहे का एवढं बघितलं असतं आणि तीच घेतली असती. १४०वाली नुसत्या अनोळखी घरची प्रमिए क्रू असेल तर तिच्यापेक्षा ओळखीच्या घरची गावाची वाइन नेहमी बरी. घर कसं ओळखायचं? सोम्मलिएला, म्हणजे वाइन सुचवणाऱ्या माणसाला, विचारा, लाजू नका, फक्त प्रश्न नीट विचारा. 'कुठली चांगली' असं विचारलं तर तो महाग दाखवेल. 'गोल हवी' की 'सरळ, टोकदार हवी' ते सांगा, आणि बजेट आकड्यावर बोट ठेवून दाखवा. आणि एक, बाटली बर्फाच्या बादलीत घालून ठेवतात ती काढायला सांगा. १२ ते १४ डिग्रीला मर्सो बोलते, ६ डिग्रीला ती नुसतं गार पाणी. ग्लास मोठा मागा, आणि पहिला घोट घेऊन मत बनवू नका, वीस मिनिटांनी बनवा.

बरोबर खायला तिथं क्रीममधली ब्रेसची कोंबडी मिळेल, सांद्र नावाचा गोड्या पाण्यातला मासा मिळेल, दोन्हीपैकी काहीही घ्या. सुरुवातीला गुजेर, चीजचे छोटे फुगलेले गोळे असतात, ते आणि मर्सो हे माझं वैयक्तिक मत विचाराल तर मुख्य जेवणापेक्षा भारी. चीजमध्ये जुनं कोंते. एपुआस नावाचं तिथलं उग्र चीज लोक हौसेने मागवतात, पण ते वाइनला खाऊन टाकतं. घरी आणलीत तर तिखटाबरोबर अजिबात नको, मालवणी मसाला आणि ही वाइन म्हणजे दोघांचाही अपमान. पापलेट नुसतं मीठ-लिंबू लावून तुपाबटरवर, खेकडा बटर गार्लिक, आणि हसू नका, गरम वरणभात, वर तूप आणि लिंबाची फोड. मी करून बघितलंय. तूप आणि लोण्याचा वास एकमेकांना ओळखतात.

गावात जायचंच. बोनमध्ये सायकल भाड्याने मिळते, वेलींच्या मधून सांतने या गावापर्यंत जाणारा सायकलचा रस्ता आहे, त्याला व्ह्वा दे व्हीन्य म्हणतात, पोमार, वोलने, मर्सो, पुलिन्यी सगळं त्यावर. मोठी नावं आहेत ती दार उघडणार नाहीत, रागावू नका, त्यांच्याकडे विकायलाच काही नसतं. शातो द मर्सो पैसे घेऊन तळघर दाखवतात आणि चव देतात, पहिल्यांदा जाणाऱ्याला ते ठीक आहे. छोट्या घरांना आधी ईमेल करा, ऑक्टोबर म्हणजे तोडणी नुकतीच संपलेली, बॅरल उकळत असतात, माणसं दमलेली असतात, पण त्याच दिवसांत ती सळसळ ऐकायला मिळते. वेळ पाळा, थुंकायचं भांडं असतं ते वापरा (त्यात कमीपणा नाही, सगळे थुंकतात, आणि परत सायकल चालवायचीय), आणि निघताना दोन बाटल्या तरी घ्या, एवढा शिष्टाचार आहे. घासाघीस नको.

तारखा पुढे ढकलता येत असतील तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याचा विचार करा. रविवारी बोनला ऑस्पिस या जुन्या धर्मादाय रुग्णालयाचा वाइन लिलाव असतो, १८५९पासून चालत आलाय, आणि सोमवारी मर्सोत पोले. पोले म्हणजे मुळात तोडणी संपल्यावर मालक-मजूर सगळ्यांचं एकत्र जेवण, ते १९२३ साली जूल लाफों यांनी परत सुरू केलं. शेकडो लोक, लांब टेबलं, आणि प्रत्येकजण स्वतःच्या बाटल्या घेऊन येतो आणि शेजाऱ्यांना पाजतो, दुपारी सुरू होतं ते अंधार पडेपर्यंत. तिकीट मिळणं अवघड, ओळख लागते, पण त्या दिवसांत बोनच्या रस्त्यावरसुद्धा जत्रा असते.

पैसे वाचवायचे असतील तर मर्सोच्या मागच्या खोऱ्यात जा, ओसे-द्युरेस, सें-रोमें, आणि थोडं पुढे सेंतोबें. उंचीवर थंडी जास्त म्हणून पूर्वी ही गावं कच्ची, आंबट म्हणून हिणवलेली, आता उन्हाळे तापलेत तर तिथंच द्राक्षं नीट पिकायला लागली. सेंतोबेंचं आँ रेमियी हे शेत तर मोंराशेच्या टेकडीला वळसा घातला की लागतं. दुसरी युक्ती, मर्सोच्याच चांगल्या घरची साधी 'बुर्गोन्य ब्लाँ' घ्या, बऱ्याचदा ती गावाच्या हद्दीबाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या सपाट शेतातली असते, तोच हात, तेच तळघर, भाव निम्म्याहून कमी. आणि त्याच घरचं आलिगोते दिसलं तर सोडू नका, दुसऱ्या द्राक्षाची आहे, कडक आंबट, उन्हातून सायकलवरून आल्यावर तिच्यासारखं काही नाही.

आणायचं म्हणाल तर हो, आणा, कारण इकडे वाइनवरची कस्टम ड्यूटी वर्षानुवर्षं दीडशे टक्के राहिलीय, वर राज्याचा कर, त्यामुळे तिथली ६० युरोची मर्सो इथं दुकानात बघून चक्कर येते. माणशी दोन लिटर दारू ड्यूटी न भरता आणता येते, म्हणजे दोघांच्या मिळून चार बाटल्या, एअरपोर्टवर व्हिस्की घेणार असाल तर ती यातूनच वजा करा. चारपैकी दोन मर्सो, एक सेंतोबें, एक आलिगोते असं मी आणेन. चेक-इन बॅगेत, बाटलीला आधी पायमोजा, मग प्लास्टिकची पिशवी, मग जाड कपडे, बॅगेच्या मधोमध. घरी आल्यावर लगेच उघडू नका, विमानाच्या प्रवासाने वाइन बिथरते, दोन-तीन आठवडे आडवी पडू द्या. आणि ती पडू द्यायची जागा म्हणजे बैठकीतलं शोकेस नव्हे, फ्रिजमधला भाजीचा खालचा कप्पा. आपल्याकडच्या मे महिन्यात कपाटावर ठेवलेली मर्सो दिवाळीला उघडलीत तर ग्लासात काकवी दिसेल.